गिळताना

आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरात सगळेच मोठ्याने बोलायचे. नवीन पाहुणा आला की त्याला वाटायचं, आत भांडण जुंपलंय. आत दोन माग चालू असायचे. पॉवरलूमची खडखड सकाळी सुरू व्हायची ती वीज जाईपर्यंत, आणि तिच्यावर आवाज चढवल्याशिवाय स्वयंपाकघरातून आईची हाक मागापाशी उभ्या असलेल्या बाबांपर्यंत पोचायची नाही. माग थांबले तरी आम्ही त्याच पट्टीत बोलत राहायचो. गोंगाटात माणसाचा आवाज त्याच्या नकळत चढतो, हे एत्येन लोंबार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली लिहून ठेवलं होतं. ते मी फार उशिरा वाचलं आणि आमची सगळी गल्ली डोळ्यांसमोर उभी राहिली.

तोच चढा आवाज घेऊन मी शिक्षिका झाले. खानापूर तालुक्यातल्या एका गावात आमची मराठी शाळा आहे, पत्र्याच्या छपराची. खानापूरचा पाऊस त्या पत्र्यावर वाजायला लागला की चौथीच्या शेवटच्या रांगेपर्यंत पाढे पोचवायला पोटातून ओरडावं लागतं. सव्वीस वर्षं ओरडले. दर वर्षी घसा धरायचा आणि चार दिवसांनी सुटायचा.

मागच्या भाद्रपदात धरला तो सुटला नाही.

सुरुवातीला लक्षातही आलं नाही, कारण गणपतीत बेळगावात घसा न बसलेला माणूस शोधून काढावा लागतो. गल्लोगल्ली आरत्या. अनंत चतुर्दशीला निघालेली मिरवणूक दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तरी कपिलेश्वर तलावापाशी चालूच. शाळेत आम्ही सगळ्याजणी आठवडाभर एकमेकींशी घोगऱ्या आवाजात बोलत होतो. बाकीच्यांचे आवाज परत आले. माझा घसा तसाच. मी हळद-मिठाच्या गुळण्या केल्या, रात्री ज्येष्ठमधाची काडी दाढेखाली धरली, आल्याचा काढा झाला, खडीसाखर-लवंग झाली. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तीन गोळ्यांची अँटिबायोटिकची पट्टी आणली आणि पंधरा दिवसांनी आणखी एक आणली. चिठ्ठी कोणी मागितली नाही आणि मीही विचारलं नाही की ही गोळी नेमकी कशावर आहे.

दिवाळीच्या चकल्या तळत होते तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, तू दर दोन मिनिटाला खाकरतेस. कळतंय का तुला?"

मला कळत नव्हतं. गॅस बंद करून मी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं. आमच्याकडे त्यावर दुधाचे खाडे मांडतात, मेडिकलचा खर्चही तिथेच लिहितात. मागची पानं उलटली. पहिल्या गोळ्यांचे पैसे ज्या तारखेपुढे लिहिले होते, तिथपासून मोजले तर सात आठवडे होत होते. मला कोणी विचारलं असतं तर मी अगदी खरेपणाने "पंधरा-वीस दिवस झाले असतील" असं सांगितलं असतं.

ही एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यापाशी थोडी थांबते. घसा रोज थोडाच दुखतो. आज कालच्याएवढाच दुखतो. त्यामुळे दिवस साठत जातात आणि आपल्याला ते एकच लांब दिवसासारखे वाटतात. मोठ्या माणसाचा सर्दीपडशाचा, विषाणूंमुळे आलेला घसा साधारण आठवड्यात मागे फिरतो, फार तर दहा दिवस. बहुतेक घसे याच जातीचे, आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालतच नाही. जिवाणूंमुळे, म्हणजे स्ट्रेप्टोकोकसमुळे दुखणारा घसा मोठ्या माणसांत दहातल्या एखाद्याचा असतो. तो येतो तोच अंगावर येतो. एकदम ताप, थुंकीही गिळवत नाही, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आणि बहुधा खोकला नाही. त्याला मात्र अँटिबायोटिक लागतं, तेही डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस पुरतं, कारण तो तसाच सोडला तर काहींना पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडू शकतात. पण हे दोन्ही पाहुणे येऊन जाणारे. तीन आठवडे उलटले तरी घसा दुखतोय किंवा आवाज घोगराच आहे, तर कारण तिसरंच असतं आणि ते आत पाहिल्याशिवाय सापडत नाही. तीन आठवडे एवढं एकच माप मला कोणी वेळेवर सांगितलं असतं, तर मी दोन पट्ट्या आणि महिनाभर काढे वाचवले असते.

कोणत्या शब्दात दुखणं सांगायचं, हाही प्रश्नच होता. दुखण्यांचं वर्णन करायला मराठीत जितके शब्द आहेत, त्यातले किती तरी घशानेच अडवलेत असं मला वाटतं. तो खवखवतो, खरखरतो, धरतो, बसतो, चिरकतो, सुकतो, आवळतो. आवंढा अडतो, ठसका लागतो, दाटून येतं. आम्ही हे शब्द सरमिसळ वापरतो, खरं प्रत्येकाचा रोख वेगळा आहे. सकाळी उठल्याबरोबर घसा लाकडासारखा सुकलेला आणि चहानंतर बरा, असं असेल तर माणूस रात्रभर तोंडाने श्वास घेतोय. नाक चोंदलेलं असतं किंवा घोरणं असतं. खवखव असेल, टाळू खाजत असेल, नाकातलं पाणी पुढे न येता मागे घशात ओघळत असेल, तर ॲलर्जी. आमच्याकडे पावसाळा सरताना रस्त्याकडेला काँग्रेस गवताला पांढरी फुलं येतात आणि अर्धी शाळा शिंकायला लागते. घसा बसतो तेव्हा बिघाड स्वरयंत्रात. काही तरी अडकल्यासारखं वाटतं, गिळलं तरी जात नाही, पण जेवताना मात्र घास सरळ उतरतो, अशी तक्रार असेल तर पोटाकडे पाहावं लागतं, कधी मनावरच्या ताणाकडेही. आणि एकाच बाजूला ठणकतंय, बोट ठेवून जागा दाखवता येते, हे सगळ्यात आधी ऐकून घ्यावं असं वाक्य.

माझा शब्द "अडकल्यासारखं" हा होता. मी इतके आठवडे सगळ्यांना "घसा दुखतोय" म्हणून सांगत होते.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई धारवाडकडच्या. मराठी थांबत थांबत बोलतात, मध्येच कन्नडवर जातात. त्यांनी बॅटरी हातात घेण्याआधी मला अकरा प्रश्न विचारले. नंतर मी ते आठवून वहीत लिहून काढले म्हणून आकडा लक्षात आहे. किती दिवस? एका बाजूला की दोन्ही? घन पदार्थ गिळताना त्रास की पाणी गिळताना? वजन उतरलंय? थुंकीत रक्त? मानेत गाठ हाताला लागते? तंबाखू, मिशेरी, विडी? रात्री किती वाजता जेवता? रक्तदाबाची गोळी कोणती चालू आहे? दम्याचा पंप घेता का? हे शेवटचे दोन मला चमत्कारिक वाटले होते. मग कळलं, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, रामिप्रिल-एनालाप्रिलच्या घराण्यातल्या, कोरडा खोकला लागतो आणि खोकून खोकून घसा सोलवटतो. पंपातलं स्टेरॉइड घशात साचलं तर तिथे बुरशी धरते. पंप घेतल्यावर चूळ भरून टाकायची असते. आमच्या शेजारच्या काकींना पंप सुरू होऊन चार वर्षं झाली होती, चूळ भरायचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या दारात जाऊन सांगून आले.

उरलेला प्रश्न विचारताना त्यांना मराठी शब्द पटकन सापडला नाही. त्या म्हणाल्या, "नुंगुवाग किवि नोवु बरुत्ता?"

गिळताना कान दुखतो का?

मी नाही म्हटलं. पण ते म्हणायला मला इतका वेळ लागला की त्यांनी मान वर करून पाहिलं.

माझा मामा निपाणीचा. तंबाखूच्या वखारीत कामाला होता. लहानपणी सुट्टीत त्याच्याकडे गेलं की वखारींच्या रस्त्याला लागताच नाकात खकाणा जायचा आणि आम्ही भावंडं शिंकत सुटायचो. आत बायका नाकाला फडकी बांधून तंबाखू चाळायच्या, आणि उन्हाच्या तिरिपेत ती पिवळी धूळ तरंगताना दिसायची. मामा फडकं बांधायचा नाही. त्याला त्या वासाशिवाय करमत नसे. दाढेखाली तंबाखूचा बार आणि कामाच्या मध्ये विडी, दोन्ही. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्ग रोखून धरला, तेव्हा मामा तिथे घोषणा द्यायला होता. त्याचा आवाज दणकट. पुढे सात-आठ वर्षांनी तो आवाज घोगरा झाला तेव्हाही तो मोठ्या प्रेमाने गळ्यावरून हात फिरवून म्हणायचा, "लई घोषणा दिल्यात ह्यानं."

मी नववीत होते. मामा आमच्याकडे वडगावला आला, बेळगावात मोठ्या डॉक्टरला दाखवायचं म्हणून. बाबांना माग सोडून जाता येईना. आईला कन्नड येत नव्हतं. शाळेत कन्नड शिकणारी घरात मीच एक, म्हणून मला बरोबर पाठवलं. ज्या दवाखान्यात गेलो तिथले डॉक्टर म्हैसूरकडून नवीनच बदलून आलेले, मराठीचा एक शब्द येत नव्हता. बाहेर बाकावर ही गर्दी. मामाने मला नीट सांगितलं होतं, "घास गिळताना हिकडं कानात कळ येत्या बघ. सुरी घातल्यागत. गिळायचं थांबलं की थांबत्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला कानाला किवि म्हणतात हे येत होतं, दुखण्याला नोवु म्हणतात हेही येत होतं. गिळणं या शब्दाला कन्नडमध्ये काय म्हणतात ते येत नव्हतं. मागे माणसं खोळंबली होती. मी म्हणाले, "किवि नोवु."

त्यांनी कानात पाहिलं. कान स्वच्छ होता. त्यांनी थेंब लिहून दिले. मामाने मला येताना लस्सी पाजली आणि भाची कशी फडाफडा कन्नड बोलते ते घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.

तीन महिने मामा ते थेंब कोमट करून कानात घालत होता.

कानाला आणि घशाच्या मागच्या भागाला एकाच मज्जातंतूंच्या शाखा जातात, मेंदूतून निघणाऱ्या नवव्या आणि दहाव्या मज्जातंतूंच्या. घशाच्या तळाशी किंवा टॉन्सिलपाशी जखम असेल, तर मेंदूला ती कळ कानातून आल्यासारखी वाटते. म्हणून मोठ्या माणसाचा कान दुखतोय, कानात काही सापडत नाही आणि गिळताना कळ वाढते, तर डॉक्टर घसा बघतात. घशाच्या कॅन्सरची ती एक जुनी, पाठ्यपुस्तकातली खूण आहे. मामाने ती खूण तोंडपाठ असल्यासारखी शब्दांत सांगितली होती. त्यातला "गिळताना" तेवढा मी गाळला.

नंतर मानेत गाठ आली आणि मामाला मिरजेला नेलं. सीमाभागातली माणसं अशा वेळी मिरजेलाच जातात. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं मराठीत, मामाने सांगितलं मराठीत, आणि त्यांनी लगेच त्याची जीभ कपड्यात धरून बाहेर ओढली, दांडीचा छोटा गोल आरसा स्टोव्हवर गरम करून घशात धरला. एवढंच. दोन मिनिटांचं काम. किरणांचे शेक दिले. मामाला पाणीही गिळवेनासं झालं. पुढच्या वर्षी कर्नाटकी बेंदराच्या आदल्या आठवड्यात तो गेला.

आईने मला कधीही काही म्हटलं नाही. तिला बहुतेक हे माहीतच नव्हतं की तिथे काय बोललं गेलं. मी आज पहिल्यांदा लिहितेय.

तर त्या दिवशी डॉक्टरीणबाईंपुढे बसून मी नाही म्हटलं. त्यांनी नाकात बधिर करणारा फवारा मारला आणि चिवट गवताच्या काडीएवढी दुर्बीण नाकातून आत सोडली. पडद्यावर माझा घसा दिसत होता. मी इतकी वर्षं जिच्यावर पोट भरलं ती वस्तू पहिल्यांदा पाहिली. दोन पांढरट पट्ट्या, उलट्या व्हीसारख्या. श्वास घेतला की उघडायच्या, "ई" म्हटलं की मिटायच्या. बाई बोलते तेव्हा या पट्ट्या सेकंदाला सुमारे २०० वेळा एकमेकींवर आपटतात. दोन्हींच्या कडेला, समोरासमोर, ज्वारीच्या कणीएवढा एकेक उंचवटा. ते पाहून मला बाबांचा हात आठवला. तुटलेला धागा सांधून सांधून त्यांच्या बोटाला घट्टा पडला होता, अगदी तसा. डॉक्टरीणबाईंनाही हेच म्हणायचं होतं. जास्त ओरडण्याने पट्ट्यांना घट्टे पडलेत. ते कॅन्सरचे नाहीत, आवाज सांभाळला तर बहुधा विरतात.

पण अडकल्यासारखं वाटायचं ते त्यामुळे नव्हतं. पट्ट्यांच्या मागची जागा लाल होती आणि सुजलेली. त्या म्हणाल्या, हे पोटातून आलंय.

मला पटेना. आयुष्यात कधी छातीत जळजळ नाही, आंबट ढेकर नाही. त्या म्हणाल्या, बऱ्याच जणांना नसतेच. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन नावाचं पाचक द्रव्य थोडंसं जरी वर आलं तरी अन्ननलिका ते सोसते, तिचा तो रोजचा सराव आहे. स्वरयंत्राजवळची त्वचा नाजूक, तिला थोडंही पुरतं. मग खाकरणं, सकाळी जड आवाज, घशात गोळा. आणि खाकरलं की पट्ट्या परत आपटतात, परत सूज, परत खाकरावंसं वाटतं. माझं जेवण रात्री दहाला. वह्या तपासून, सगळ्यांना वाढून. ताटात संकेश्वरी मिरचीचा खर्डा नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. साडेदहाला अंथरुणात. दिवसाला सहा कप चहा, त्यातले चार उपाशी पोटी.

मी गोळी मागितली. त्या म्हणाल्या, देते थोड्या दिवसांची, खरं घशाच्या तक्रारीला एकट्या गोळीवर भरवसा ठेवू नका. ते त्यांनी उगीच म्हटलं नव्हतं. ब्रिटनमध्ये घशाची जुनी तक्रार असलेल्या ३४६ जणांवर एक चाचणी झाली, निष्कर्ष २०२१ साली छापून आले: निम्म्यांना आम्ल कमी करणारी लॅन्सोप्राझोल, निम्म्यांना तशीच दिसणारी साखरगोळी. बरं वाटलं ते दोन्ही गटांना, सारखंच. मला त्या बाईंबद्दल आदर वाटतो तो यासाठी की गोळीची लांब यादी देऊन मला वाटेला लावणं त्यांना सोपं होतं. त्यांनी वीस मिनिटं बसून माझं ताट आणि घड्याळ समजून घेतलं.

जेवण साडेसातला आणलं. घरात पहिला आठवडा कुरकुर झाली, मग सगळेच त्या वेळेला बसायला लागले. खानापूरच्या भट्टीवरून आणलेल्या विटा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली रचल्या, सहा इंच उंच. नुसत्या उशा वाढवून भागत नाही, उलट पोट दुमडतं. डाव्या कुशीवर झोपायची सवय केली. चहा दोनवर आणला, ते सगळ्यात अवघड गेलं. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी प्यायचं. वर्गात कमरेला लावायचा छोटा माइक घेतला, आणि पोरांना शांत करायला टेबलावर पितळी घंटी ठेवली. फरक पडायला संक्रांत उजाडली. शिमग्यापर्यंत सकाळचा आवाज सकाळी सात वाजताच माझा झाला होता. जादू झाली नाही. अजून एखाद्या लग्नात उशिरा जेवले की दुसऱ्या दिवशी घसा आठवण देतो.

माझं कारण साधं निघालं, बऱ्याच जणांचं साधंच निघतं. पण त्या अकरा प्रश्नांची वही मी टाकली नाही. त्यात नंतर वाचून, विचारून भर घातली. टॉन्सिलच्या खळग्यांत साचणारे पांढरे खडे, ज्यांनी तोंडाला वास येतो आणि टोचल्यासारखं होतं. तरुण पोरांना होणारा एपस्टाइन-बार विषाणूचा ताप, ज्यात घसा आठवडे न आठवडे सुजलेला राहतो आणि अंगात त्राण नसतं. स्वरयंत्राचा क्षयरोग: फुप्फुसातला क्षय कधी कधी वर चढतो, आवाज बसतो आणि गिळताना फार दुखतं. बेळगावजवळच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ ला जन्मलेल्या कुमार गंधर्वांना ऐन उमेदीत फुप्फुसाच्या क्षयाने गाठलं आणि काही वर्षं गाणं बंद ठेवावं लागलं. सुळेभावी स्टेशनवरून गाडी जाते तेव्हा मला दर वेळी ते आठवतं. आज दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते आणि औषधंही फुकट मिळतात. आणि वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने, थांबायचं नाही अशा गोष्टी लिहिल्यात. लाळही गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, श्वास घेताना आवाज येतोय, तर त्याच रात्री दवाखाना. तीन आठवड्यांचा घोगरेपणा, मानेतली गाठ, एका बाजूचं दुखणं, थुंकीत रक्त, कारण नसताना उतरणारं वजन, तर त्याच आठवड्यात. तंबाखू कोणत्याही रूपात चालू असेल तर एक दिवसही जास्त थांबायचं नाही.

यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा अक्षरदासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या योजनेच्या, स्वयंपाकघरातल्या आक्का भात वाढताना सारख्या गळ्याला हात लावत होत्या. पन्नाशीच्या. सकाळ-संध्याकाळ मिशेरी लावतात, त्यांच्या आईनेही लावली, तिच्या आईनेही. मी विचारलं तर म्हणाल्या, "काय नाही बाई, घसा दुखुलालाय." मी त्यांना पिंपापाशी बसवलं आणि एकेक करून विचारत गेले. किती दिवस, तर गावच्या जत्रेच्या आधीपासून. मोजले, पाच आठवडे. कुठल्या बाजूला, तर डाव्या. मग मी विचारलं आणि त्या म्हणाल्या, "व्हय की. घास उतरताना डाव्या कानात कळ जाऊलाल्या. तुला कसं कळलं गं?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. आक्कांच्या टॉन्सिलमागे जखम निघाली. तुकडा तपासायला गेला आणि कॅन्सर नाही असं उत्तर आलं. मिशेरीचा डबा त्यांच्या सुनेने परसात पुरला. दर दोन महिन्यांनी पुन्हा दाखवायला बोलावलंय, आणि ती तारीख आता आमच्या कालनिर्णयवर खाड्यांच्या शेजारी असते. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी दवाखान्यात रांग दारापर्यंत होती. आत तरुण डॉक्टर, बागलकोटकडचे असावेत. आक्का स्टुलावर बसल्या आणि नेहमीच्या चार शब्दांत म्हणाल्या, घसा दुखतोय. डॉक्टरांना मराठी थोडं कळत होतं. त्यांनी मान हलवली आणि चिठ्ठीवर लिहायला सुरुवात केली. मागून कोणी तरी पुढे सरकलं, मला धक्का लागला.

मी म्हणाले, "ऐदु वारदिंद. नुंगुवाग एड किवियल्लि नोवु."

पाच आठवड्यांपासून. गिळताना डाव्या कानात दुखतं.

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी खुर्ची मागे सारली, उठून आक्कांच्या समोर आले आणि कपाळावरचा दिवा लावला.

बाहेर आल्यावर आक्कांनी माझा हात धरला. "काय सांगितलंस गं तू तेला?"

"तुम्ही मला सांगितलंत तेच," मी म्हणाले.